कण्हेरीची लागवड व गुरांची काळजी

खानदेशांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत गेला म्हणजे नाजूक फुलझाडें करपून जातात. कण्हेर मात्र फुललेली राहते. सबब ती अंगणांत अवश्य लावावी, परंतु जागा विचारपूर्वक निवडावी, असें आम्ही सुचवितों.

लागवड :— पावसाळ्याच्या आरंभीं पक्व फांदीचीं वीतभर लांबीचीं छाटें लावावीं. तापीकाठच्या काळ्या जमिनींत पाणी सांचतें, म्हणून झाड उंचवट्यावर लावावें व खड्ड्यांत वाळू आणि कुजलेलें शेणखत मिसळावें. मुळें धरेपर्यंत नियमित पाणी द्यावें. पुढें थोडक्या पाण्यावर झाड निभावतें.

छाटणी :— फुलें नव्या फुटीच्या शेंड्यास येतात. म्हणून बहर ओसरल्यावर फांद्या छाटाव्या.

सावधगिरी :— पान, फूल, साल, मूळ सर्वच विषारी असून तें विष हृदयावर घात करतें. दहावीस पानेंही मोठ्या बैलास पुरतात. हिरवा पाला कडू असल्यामुळें गुरें सहसा खात नाहींत. खरा धोका छाटणीच्या दिवशीं असतो. वाळल्यानें विष जात नाहीं, आणि चाऱ्यांत मिसळलेला पाला जनावर नकळत खातें. म्हणून गोठा, वैरण व पाण्याची हाळ यांपासून झाड दूर ठेवावें; छाटलेल्या फांद्या लगेच खोल पुराव्या, जाळूं नयेत, कारण धूरही अपायकारक आहे. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हें मूळचें अमेरिकेंतील निराळें झाड. तेंही तितकेंच विषारी आहे.

जनावर लाळ गाळूं लागलें, हगवण लागली वा छातीचे ठोके बिघडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें.