लशीची टोपी तपासतात कशी?

वस्तीत लस टोचताना आया-बहिणी आम्हाला विचारतात, "बाटलीत काय आहे, हे तपासतं कोण?" प्रश्न रास्तच. बाटली उजेडात धरून आम्हा नर्सनाही ते दिसत नाही.

उदाहरण एमआरएनए लशीचं घेऊ. अशी एक पुण्यात बनली. २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. एमआरएनए म्हणजे प्रथिन कसं बनवायचं, ते पेशीला सांगणारी चिठ्ठी. तिच्या सुरुवातीच्या टोकाला रासायनिक टोपी लागते. टोपी नसेल तर पेशी चिठ्ठी नीट वाचत नाही, उलट विषाणूची समजते. म्हणून नमुन्यातलं टोक एन्झाइमने कापून मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रात त्याचं वजन काढतात. एकच मिथाइल गट कमी असला तरी वजन सुमारे १४ हायड्रोजन अणूंइतकं कमी भरतं. किती चिठ्ठ्या टोपीवाल्या, किती बोडक्या, हेही त्यातून मोजतात.