सुर्टसे : पाखरांनी पिकवलेले बेट

खडक झिजतो व त्याची माती होते, असे आपण भूगोलात शिकतो. परंतु नुसत्या झिजलेल्या खडकावर शेत पिकत नाही. या गोष्टीचा पुरावा मला एका निर्जन बेटाच्या माहितीत सापडला, म्हणून हा लेखप्रपंच.

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर सुर्टसे नावाचे बेट आहे. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रतळावरील ज्वालामुखीचा उद्रेक पाण्याबाहेर दिसू लागला. जून १९६७ मध्ये तो थांबला, तेव्हा राख आणि लाव्हा यांचे सुमारे २.७ चौरस किलोमीटरचे बेट तयार झाले होते. नॉर्स पुराणकथांतील सुर्त या अग्निदैत्याचे नाव त्यास मिळाले.

१९६५ सालीच हे बेट संरक्षित झाले. तेथे फक्त संशोधकांना, तेही परवानगीने, जाता येते. एकदा तेथे टोमॅटोचे रोप आढळले! कोणा माणसाच्या शौचातून ते बी पडले होते. रोप उपटून टाकण्यात आले. ही दक्षता अवाजवी नव्हे. माणूस दूर राहिला, म्हणूनच तेथे जे उगवले ते कोणी आणले, हे सांगता येते.

बिया आधी लाटांवरून आल्या. १९६५ मध्ये पहिली सपुष्प वनस्पती उगवली. पण वाळूत व लाव्ह्यात नत्र जवळजवळ नव्हते. त्यामुळे वीस वर्षे हिरवळ अगदी तुरळकच राहिली. १९७० मध्ये फुलमार व काळा गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांनी कड्यांवर घरटी केली. खरा पालट झाला तो १९८६ नंतर, कुरव पक्ष्यांची वसाहत वाढली तेव्हा. हे पक्षी समुद्रातले मासे खातात व विष्ठा बेटावर टाकतात. शिवाय बियाही आणतात. त्यांच्या घरट्यांभोवती दाट गवत माजले. २००४ पर्यंत तेथे सपुष्प व नेचेवर्गीय अशा ६० वनस्पतींची नोंद झाली.

आमच्याकडे उन्हाळ्यात धनगराची मेंढरे शेतात बसवतात आणि त्याबद्दल धनगरास धान्य देतात. दूरचे चरून आलेले जनावर आपल्या रानात खत टाकते, हा त्यातला हिशेब. सुर्टसेवर पाखरांनी केले ते हेच, फक्त त्यांचे चराऊ रान म्हणजे समुद्र! माझ्या वडिलांनी भूगोलाचे पुस्तक उघडलेले नाही, पण हा धडा त्यांना मी सांगण्याची गरज नाही.

२००८ मध्ये युनेस्कोने या बेटास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लाटांच्या माऱ्याने त्याचे क्षेत्र आज जवळजवळ निम्मे झाले आहे. समुद्र काठ कुरतडतो आहे आणि पाखरे उरलेल्या खडकाची जमीन करीत आहेत. खडक ज्वालामुखीने दिला. त्याची जमीन मात्र सजीवांनी केली. मातीची व्याख्या लिहिताना हा दुसरा भाग आपण वगळू नये, असे मला वाटते.