मुळापाशी आधी कोण पोचतं

देवणी तालुक्यातल्या काळ्या रानात टोमॅटो, वांगी, मिरची करताना मुळाशी जिवाणू वापरून जे शिकलो, ते इथे मांडतो. सगळ्यात आधी सांगायचं ते वेळेबद्दल.

१. मान टाकलेलं रोप जिवाणूंची आळवणी करून उभं राहत नाही. स्यूडोमोनास आणि बॅसिलस यांचं काम रोगाच्या आधीचं आहे. मुळातून पाझरणाऱ्या साखरेवर जगत ते मुळाभोवतीची जागा धरतात. मग मर आणि रोपकुजीच्या बुरशीला ना जागा मिळते ना खाद्य. शिवाय रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही ते जागी करतात.

२. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण विरघळलेलं फार थोडं. स्यूडोमोनास लोह पकडणारं हिरवट-पिवळं द्रव्य सोडतो आणि तेवढंही अडवून धरतो, म्हणून रोगकारक बुरशी उपाशी राहते. जास्त सामूच्या जमिनीला आपण नावं ठेवतो, पण या एका कामात तीच उपयोगी पडते.

३. पहिला हात रोपवाटिकेत. घरचं बी असेल तर किलोला जिवाणूंची १० ग्रॅम भुकटी चोळावी. संकरित बियाणं मात्र बहुधा थायरमसारख्या बुरशीनाशकाने रंगवून येतं. त्यावर जिवाणू चोळणं वाया जातं. तिथे आम्ही ट्रेमधल्या कोकोपीटला आळवणी करतो आणि लागवडीच्या दिवशी मुळं द्रावणात बुडवतो. रोपं विकत आणणाऱ्यांनीही एवढं करावंच. पूर्ण रानाला औषध देण्यापेक्षा ट्रे बुडवायला खर्च किती कमी येतो, ते करून पाहा.

४. भुकटी नुसती रानात फेकू नये. एकरी १ किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावी, सावलीत ओल्या पोत्याखाली आठवडाभर ठेवावी, मग सरीत द्यावी. देवणी जातीच्या गाई-बैलांना ज्या गावाने नाव दिलं, त्याच भागात आता कित्येक दावणी रिकाम्या आहेत आणि शेणखत विकत घ्यावं लागतं. मला याची खरी काळजी वाटते. सेंद्रिय खाद्य नसलेल्या जमिनीत जिवाणू टिकत नाहीत.

५. ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा ब्लिचिंग पावडर यांच्यासोबत जिवाणू एका टाकीत नको. मागेपुढे आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. संध्याकाळी, वाफसा असताना द्यावं.

६. पाकिटावर तयार केल्याची तारीख बघावी. बॅसिलस बीजाणू करतो म्हणून टिकाऊ. स्यूडोमोनास करत नाही, त्यामुळे उन्हात पडलेल्या पाकिटात उरतं ते बहुतेक शंखजिरं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे उपयुक्त बुरशी आणि जिवाणू यांचं मिश्रण आमच्याकडे अनेक जण आणतात. तेही ताजंच वापरावं.

७. मर कोणती, हे आधी ओळखा. झाड हिरवं असतानाच एकदम सुकलं, तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. थोड्या वेळात दुधासारखी धार खाली उतरली, तर ती राल्स्टोनिया जिवाणूची मर. उभं खोड चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसली, पण धार नाही, तर बहुधा फ्युजारियम बुरशी. राल्स्टोनिया दिसली की ते झाड मुळासकट काढून जाळावं, तिथलं पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नये आणि त्या रानात पुढे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काही न घेता ज्वारी किंवा मका घ्यावा. चांगले जिवाणू तिथे मदत करतात, पण फेरपालट न करता एकटे पुरे पडत नाहीत.

८. मिरचीच्या बोकड्यावर ही भुकटी उपाय नाही. तो पांढरी माशी, फुलकिडे आणि कोळी यांच्या पायी येतो. त्यासाठी रोपवाटिकेवर बारीक जाळी आणि रानात पिवळे-निळे चिकट सापळे लावावेत.