बालकाचा शिक्षणहक्क आणि आपला हजेरीपट



नागरिकशास्त्राच्या तासाला हक्कांचा विषय निघाला म्हणजे भाषणस्वातंत्र्य, मतदान, धर्मस्वातंत्र्य ही उदाहरणे आपण सहज देतो. शिक्षण, अन्न, आरोग्य आणि काम हेही माणसाचे हक्कच होत. परंतु दोहोंत एक भेद आहे. भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत सरकारने आड न येणे हे मुख्य काम असते. शिक्षणाच्या हक्कासाठी मात्र शाळा बांधावी लागते, शिक्षक नेमावा लागतो, द्रव्य खर्चावे लागते. त्यामुळे असे हक्क न्यायालयामार्फत बजावून घेता येतील काय, याविषयी जगभर दीर्घकाळ शंका घेतली गेली. आपल्या देशात या शंकेचे निरसन कसे झाले आणि त्यात शिक्षकाचे स्थान कोणते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. मागणीची परंपरा

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यात मागणी होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो संस्थानभर नेला. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. त्या काळच्या सक्तीचा रोख मुख्यत्वे पालकांवर होता. मूल शाळेत न पाठविल्यास दंडास पात्र होई तो पालक.

२. घटनेतील अभिवचन

१९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या अनुच्छेद ४५ ने राज्यसंस्थेस सांगितले की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांखालील सर्व बालकांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. परंतु हे मार्गदर्शक तत्त्व होते. अनुच्छेद ३७ अन्वये अशी तत्त्वे राज्यकारभारात मूलभूत असली, तरी त्यांची अंमलबजावणी न्यायालयाकरवी करवून घेता येत नाही. दहा वर्षांची मुदत १९६० साली उलटून गेली. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाच्या बापाने दाद मागावी, असे ठिकाण मात्र कोठेच नव्हते.

३. न्यायालयाचा निर्णय

ही वाट १९९२-९३ साली मोकळी झाली. मोहिनी जैन यांच्या खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचा संबंध अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला. उन्नीकृष्णन खटल्यात (१९९३) न्यायालयाने त्या निर्णयास निश्चित मर्यादा घातली : चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्क, त्यापुढे तो राज्याच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून. मार्गदर्शक तत्त्वांपैकी याच एका तत्त्वास घटनेने कालमर्यादा घातली होती, ही गोष्ट न्यायालयाने विशेष ध्यानी घेतली. पुढे २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद २१-अ आला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

४. भोजनाची कथा

शाळेतील भोजनाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १९९५ साली केंद्राने पोषण आहाराची योजना सुरू केली. परंतु पुष्कळ राज्यांत मुलांच्या पिशवीत कोरडे धान्य पडे. २००१ साली एकीकडे सरकारी गोदामे धान्याने भरलेली आणि दुसरीकडे दुष्काळी भागात उपासमार, अशा स्थितीत एक लोकहित याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास शिजविलेले अन्न द्यावे. त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, आणि ते वर्षातून निदान २०० दिवस मिळावे. ‘गरिबांस अन्न द्या’ असे म्हटले असते, तर तो उपदेश ठरला असता. कोणास, काय, किती व किती दिवस हे ठरले, म्हणून पालन झाले की नाही हे मोजता आले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने हे भोजन कायद्याचा हक्क केले.

५. सक्ती कोणावर ?

२००९ च्या अधिनियमातील ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्ती होईल याची निश्चिती करणे, हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे बंधन आहे. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्यास दंड ठेवलेला नाही. शाहू महाराजांच्या काळापासून येथवर सक्तीचा रोख असा पालकाकडून राज्यसंस्थेकडे वळला. आणि गावात राज्यसंस्था म्हणजे बहुधा आपणच.

यातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात :

(अ) जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, तरीही नाही.
(आ) प्रवेशाची मुदत संपल्यानंतर आलेल्या मुलासही परत पाठविता येत नाही.
(इ) कधीच शाळेत न गेलेल्या मुलास त्याच्या वयानुरूप वर्गात बसवावे व विशेष प्रशिक्षण द्यावे.
(ई) शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे.
(उ) हक्काचा भंग झाल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

६. नोंदीचे महत्त्व

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे गाव सोडतात. मूल दिसेनासे झाले की ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून नाव कमी करावे, असा मोह होतो. परंतु पटावरून नाव गेले की ते मूल कायद्याच्या दृष्टीआड जाते. त्याच्यासाठी शिक्षक मागता येत नाही, भोजन मागता येत नाही, तक्रारही टिकत नाही. याउलट मूल गेले असूनही रोज ‘हजर’ मांडल्यास, ते शिकत आहे असा खोटा पुरावा आपणच तयार करतो. अन्न न शिजलेल्या दिवशी शिजले असे लिहिणे हेही त्याच जातीचे. म्हणून मूल कोठे गेले, कधी गेले, कधी परतणार, ते लिहावे. शिक्षण हमी पत्रक त्याच्या हाती द्यावे. तेथील शाळेस कळवावे. आणि आजीआजोबा गावी असतील, तर मुलास मागे ठेवता येईल काय याची शाळा व्यवस्थापन समितीत चर्चा करावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना वरील तरतुदी मराठीत वाचून दाखविणे हेही हक्कसंरक्षणाचेच कार्य होय.

न्यायालय दिल्लीस आहे. कायद्याचा पहिला साक्षीदार मात्र वर्गातील हजेरीपट आहे. तो खरा असेल तरच पुढील सर्व यंत्रणेस काही पाहता येईल.

केंद्र शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. मार्गदर्शक तत्त्व व मूलभूत हक्क यांतील भेद अनुच्छेद ४५ व २१-अ यांच्या आधारे सांगा.
२. २००१ च्या भोजनविषयक आदेशाचे पालन मोजणे कशामुळे शक्य झाले ?
३. आपल्या शाळेतील गतवर्षी नाव कमी झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद तपासा. ते आज कोठे आहे, हे सांगता येते काय ?