बावची, ऊन आणि पांढरे डाग



कोडाचा पांढरा डाग दिसला की "बावचीचं तेल लावून उन्हात बस" असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला जुना आहे, आयुर्वेदातला आहे. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. अंधारात ते शांत असतं. उन्हातले अतिनील किरण पडले की जागं होऊन त्वचेवर काम करतं. 1940 च्या दशकात इजिप्तच्या डॉ. एल मोफ्ती यांनी तिथल्या एका रानवनस्पतीतलं असंच द्रव्य कोडावर वापरलं. पुढे सोरायसिससाठीही 'पुवा' उपचार आला: आधी सोरालेन, मग मशीनचा मोजून दिलेला प्रकाश.

मोजून, हेच महत्त्वाचं. घरी ना तेलाचा अंदाज, ना उन्हाचा. जास्त झालं की दोन-तीन दिवसांत कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. लिंबाचा रस किंवा अंजिराचा चीक अंगावर राहून ऊन लागलं, तरी असेच चट्टे उठतात.

म्हणून लक्षात ठेवा:

• आपल्या मनाने तेल लावू नका. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.
• गरोदर असाल तर आधी सांगा.
• सोरालेनची गोळी दिली, तर डॉक्टर सांगतील तितका वेळ काळा चष्मा घाला.
• कोड म्हणजे कुष्ठरोग नाही. स्पर्शाने पसरत नाही. त्या ताईला हळदीकुंकवाला बोलवा, शेजारी बसवा.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा.