वाडा जुना झाला, म्हणून सरकारचा होत नाही

प्रश्न : देवणीत आमचा निजामकाळातला माळवदाचा वाडा आहे. मालकी आम्हा दोघा भावांची. पावसाळ्यात माळवद गळते, म्हणून दुरुस्ती काढायची आहे. पण शंभर वर्षांपुढची वास्तू आपोआप सरकारजमा होते, तिला हात लावला तर गुन्हा दाखल होतो, असे गावात सांगतात. शिवाय शहरातला एक व्यापारी ढेलजेतले कोरीव सागवानी खांब विकत मागतो आहे. काय करावे?
– एक वाचक, देवणी

उत्तर : निर्धास्त राहा. नुसत्या वयामुळे कोणताही वाडा संरक्षित होत नाही. स्मारकांसाठी केंद्राचा १९५८चा आणि महाराष्ट्राचा १९६०चा असे दोन कायदे आहेत. दोन्हींत सरकारला आधी राजपत्रात दोन महिन्यांची सूचना काढावी लागते, ती वास्तूजवळ लावावी लागते आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. त्यानंतरच्या अधिसूचनेनेच वास्तू संरक्षित ठरते.

तुमच्या शेजारचा उदगीरचा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी, हा बहुचर्चित नियम मात्र केंद्राच्या कायद्यातला आहे. राज्याच्या स्मारकाभोवती काय चालते, ते त्याच्या अधिसूचनेत पाहावे.

खासगी वास्तू संरक्षित झाली तरी मालकी आपोआप सुटत नाही. देखभालीबाबत सरकार मालकाशी करार करू शकते. इंग्लंडच्या छोट्या गावांतही यादीतल्या जुन्या घरांत मालकच राहतात, ती विकतातही. फक्त परवानगीशिवाय त्यात फेरफार करता येत नाही.

आता कामाचे. राज्य पुरातत्त्व विभागाच्या नांदेड कार्यालयाला आणि देवणी नगरपंचायतीला एकेक अर्ज द्या : ‘ही मिळकत संरक्षित स्मारक किंवा वारसा यादीत आहे काय?’ पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. त्यात ३० दिवसांची मुदत आहे. यादीत नाव नसेल, तर भावाची लेखी संमती जोडून नगरपंचायतीकडे दुरुस्तीची परवानगी मागा.

गळती थांबवायला माळवदावर मातीचे थर चढवत राहू नका. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळूनच कितीतरी माणसे गाडली गेली. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भिंती आणि तुळया तपासून घ्या.

खांबांचे म्हणाल, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार इमारतीतून काढलेली शंभर वर्षांची वस्तूही पुरावस्तू ठरू शकते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. व्यापाऱ्याकडे परवाना मागा. खोदकामात नाण्यांचे मडके निघाले, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याला हा नियम आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कायदा तुमच्या वाड्याला वाचवेलच असे नाही. ते तुमच्याच हातात आहे. काम काढण्यापूर्वी खांब, तुळया, चौक यांची मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवा. आणि आमचे मत विचाराल, तर ढेलजेचे खांब विकू नका.