मोॲबला निघताय? आधी परतीचं बघा

आई-बाबा अमेरिकेत येतात ते बहुतेक मे-जूनमध्ये. मग चार जुलैला जोडून सुट्टी आली की घरातलं कुणीतरी हौसेनं म्हणतं, "चला, युटाचे लाल दगड दाखवून आणू." नका नेऊ, निदान त्या दिवसांत तरी नको. मोॲबला जुलैमध्ये पारा सहज ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि वाटेवर झाड म्हणून जे असतं ते कमरेएवढं जुनिपर. आई-बाबांना तेव्हा यलोस्टोन दाखवा. मोॲब ऑक्टोबरसाठी राखून ठेवा, नाहीतर एप्रिलसाठी. एप्रिलमध्ये कॅलेंडर मात्र बघा. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तिथे १९६७ पासून जीपवाल्यांची जत्रा भरते, ईस्टर जीप सफारी. गावात खोली मिळायची मारामार होते आणि नवशिक्यानं स्टिअरिंग धरायचा हा आठवडा नव्हेच.

सॉल्ट लेक सिटीहून गाडीनं चार तास, डेन्व्हरहून साडेपाच-सहा. अंतर फार नाही, म्हणूनच माणसं शनिवार-रविवारी उठून निघतात आणि तयारी लोणावळ्याची करतात.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे वाट चुकली तर तासाभरात कुणी गुराखी भेटतो. "मामा, गडाची वाट हीच का?" एवढं विचारलं की काम होतं. वर टाक्यात पाणी असतं, पायथ्याच्या घरात पिठलं-भाकरी. इथे मामा नाही, टाकं नाही, आणि गाव सुटलं की मोबाइलची रेंजही बहुतेक जाते. दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब उलटा आहे. गड आधी चढायचा असतो आणि थकल्यावर उतार मिळतो. कॅन्यनमध्ये काठावरून ताज्या पायांनी आणि ताज्या गाडीनं खाली उतरायचं, आणि पाणी संपत आल्यावर चढायचं. म्हणून कुठे पोचायचं ते ठरवण्याआधी किती वाजता वळायचं ते ठरवा. मी ती वेळ कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवतो. लोक हसतात. हसू देत.

दुसरा कागद घरी ठेवायचा: कोणता रस्ता, कोणती वाट, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. एरन राल्स्टन २००३ च्या एप्रिलमध्ये ब्लूजॉन कॅन्यनमध्ये दगडाखाली हात अडकून पाच दिवस पडून राहिला आणि शेवटी स्वतःचा हात कापून बाहेर आला, ते याच मुलखात. ए. आर. रहमानच्या संगीतामुळे आपल्यापैकी अनेकांनी त्याच्यावरचा सिनेमा पाहिलाय. तो चांगला कसलेला गडी होता. आपण कुठे जातोय हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस पायी घालवा, जीपला हातही लावू नका. सकाळी ग्रँडस्टाफ कॅन्यन. महामार्ग १२८ वर, गावाबाहेर पडताच. जाऊन-येऊन साडेचार मैलांच्या आसपास, सोबतीला बारमाही ओढा, म्हणजे या मुलखातली चैनच. ओढा बऱ्याच वेळा ओलांडावा लागतो, तेव्हा जास्तीचे मोजे घ्या. शेवटी मॉर्निंग ग्लोरी हा २४३ फूट लांबीचा नैसर्गिक पूल कड्याला बिलगून उभा आहे. त्याच्याखाली तीन-तीन पानांची हिरवीगार झुडपं दिसतील, त्यात फोटोसाठी घुसू नका. ती पॉयझन आयव्ही आहे, खाजखुजलीची अमेरिकन बहीण.

दुपारनंतर कोरोना आर्च. जाऊन-येऊन तीनेक मैल. इथे वाट मातीतून निघते आणि थोड्याच वेळात उघड्या कातळावर येऊन नाहीशी होते. मग खूण म्हणजे दगडांची छोटी उतरंड. एका उतरंडीपाशी उभं राहून पुढची दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि हौस म्हणून आपली उतरंड तर मुळीच रचायची नाही, मागचा माणूस फसतो. एका जागी कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पोलादी तार आहे, पुढे एक छोटी शिडी. हरिश्चंद्रगडाची नळी चढलेल्यांना हा पोरखेळ वाटेल. इथला खडक त्यांना वेगळी शिकवण देतो. आपला बसाल्ट काळा, कडक, ओला झाला की घसरडा. हा वाळूचा दगड कोरडा असताना बुटाला पॉलिश पेपरसारखा धरून ठेवतो, त्यामुळे माणूस भसाभसा वर जातो. उतरताना गुडघे बोलायला लागतात. पाऊस पडून गेल्यावर हाच दगड ठिसूळ होतो. धरलेली कपार हातात येऊ शकते.

वाट सोडून बाजूच्या मातीवर पाय ठेवू नका. नीट वाकून बघितलं तर ती माती काळपट, फुगलेली दिसेल, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. तो पापुद्रा जिवंत आहे. सूक्ष्म जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल मिळून वाळूला बांधून ठेवतात. एका बुटाखाली मोडलेला तुकडा सावरायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. चालायचं तर मळलेल्या वाटेवर, उघड्या दगडावर, नाहीतर कोरड्या ओढ्याच्या वाळूत. चाकांनाही हाच नियम.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. गाडीत त्याशिवाय एक जास्तीचा कॅन, आणि सगळं गावातूनच भरून. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, घामातून मीठ जातं. आमच्याकडे खारे शेंगदाणे, दशम्या आणि लिंबाचं लोणचं असतं. महागड्या एनर्जी बारपेक्षा लोणच्याची फोड दुपारी जास्त कामाला येते, हे माझं ठाम मत.

दुसऱ्या दिवशी जीप. विमानतळावर घेतलेल्या भाड्याच्या गाडीचा करार वाचा. कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. मोॲबमध्ये एका दिवसासाठी जीप भाड्यानं मिळते. कोणत्या रस्त्यांना परवानगी आहे ते नकाशावर खूण करून घ्या. निघण्याआधी गावातच एखाद्या मोकळ्या जागी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या संथ गिअरमध्ये, घालून बघा. कड्याच्या तोंडावर ते शिकायची वेळ येऊ नये. टायरमधली हवा पस्तिसाच्या आसपास असेल. ती पंचविसावर आणली तर धक्के कमी बसतात आणि पकड वाढते. पण आधी मालकाला विचारा. डांबरी रस्त्यावर परतायच्या आधी ती पुन्हा भरायची असते.

सुरुवात अन्यन क्रीकनं करा. लाल कड्यांमधून जाणारा सोपा रस्ता, तोच उथळ ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. तळ दिसत नसेल तर उतरून बघायचं, नाहीतर वळायचं. त्यानंतर हुर्रा पास. आणि हात बसला की शेफर ट्रेल. नॅशनल पार्कमधल्या आयलंड इन द स्काय या पठाराच्या काठावरून हा रस्ता वळणावळणांनी सुमारे १५०० फूट खाली जातो. आधी तिथून गुरं जात, नंतर १९५० च्या दशकात युरेनियमचे ट्रक. खाली पोचल्यावर पोटॅश रोडनं मोॲबला परतता येतं. व्हाइट रिमच्या रस्त्याकडे वळायचं असेल तर एका दिवसासाठीही परवाना लागतो.

माझे वडील एका ऑक्टोबरात आले होते. उभ्या आयुष्यात आंबा घाट किती वेळा केला असेल त्याची गणती नाही. शेफरच्या तिसऱ्या वळणावर ते म्हणाले, "वास येतोय बघ. ब्रेकवरचा पाय काढ." मला घाट उतरायची अक्कल आहे, असं म्हणायला तोंड उघडलं तर खरंच जळका वास होता. गाडी थांबवली, ब्रेक निवू दिले, फोर-लोमध्ये पहिला टाकला, आणि पायाला काही कामच उरलं नाही. इंजिनच गाडी धरून खाली नेत होतं. दोन वळणं पुढे खालून एक पिकअप आला. "चढणाऱ्याला आधी वाट दे," बाबा. सह्याद्रीच्या घाटातला तोच नियम. मी रुंद जागेपर्यंत मागे घेतली, अगदी हळू, आणि बाबा उतरून कड्याच्या बाजूचं चाक बघत हातानं इशारे देत राहिले. मागे घेताना असा एक माणूस खाली हवाच.

हेल्स रिव्हेंज नावाचा रस्ता व्हिडिओत फार गाजतो. नाव वाचा आणि सोडून द्या, किंवा तिथल्या चालकासोबत प्रवासी म्हणून बसा.

शेवटचं आभाळाबद्दल. जुलै ते सप्टेंबर तिथेही मान्सून म्हणतात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस कित्येक मैल वरच्या अंगाला पडतो. उघड्या कातळात पाणी मुरत नाही, ते सगळं घळीत येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये असंच दूरच्या पावसाचं पाणी घुसलं आणि अकरा पर्यटक गेले. तेव्हा ढग दिसले तर अरुंद घळीत शिरू नका, कोरड्या पात्रात गाडी लावून जेवायला बसू नका. पावसानंतर इथली राखाडी चिकणमाती वंगणासारखी होते, फोर-बाय-फोरसुद्धा त्यात नुसती चाकं फिरवते. अडकलात तर गाडी ओढून आणण्याचं बिल हजार डॉलरच्या पुढे जातं, आणि त्यासाठी फोन लागेल अशी जागा आधी चालत शोधावी लागते. सकाळी पार्कच्या केंद्रात शिरून रेंजरला एवढंच विचारा: काल रात्री शेफरवर पाऊस झाला का? हो म्हणाला तर त्या दिवशी डांबरी रस्त्यानं डेड हॉर्स पॉइंटला जा. दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदी वळसा घेताना दिसते, कठडा आहे, आणि तिथे आई-बाबांना निवांत बसता येतं.